सहा दगडांचा कळप

लहूअण्णा कुणालाही ‘नाही’ म्हणत नसत. पाण्यात पडलेला, भाजून कोळसा झालेला, ट्रॅक्टरखाली आलेला, कसलाही फोन घेऊन माणूस दुकानात आला की अण्णा तो हातात घेत, कानाशी नेऊन हलवून बघत आणि म्हणत, “ठिवून जा. बघू.” त्या ‘बघू’त आशाळभूत माणसाला आशा ऐकू येई आणि शहाण्याला नकार. मी मंचरच्या एका संस्थेत ‘संवादकौशल्य’ नावाचा विषय शिकवत असे. एवढ्या एका शब्दात इतका संवाद न करण्याची कला मी दुसऱ्या कुणाजवळ पाहिली नाही.

त्यांचं दुकान अवसरी खुर्दला, इंजिनिअरिंगची पोरं राहतात त्या खोल्यांच्या रांगेत. वरच्या खोलीत मी भाड्याने राहायचो. पाटीवर ‘रोहिणी मोबाईल’ असं होतं. मुलगी जन्मली तेव्हा ते ‘रोहिणी रेडिओ’ होतं, मग ‘रोहिणी टीव्ही’ झालं. दर वेळी पेंटरला दुसराच शब्द खरवडावा लागला. पहिल्यावर फक्त नवा रंग चढायचा.

अण्णांचं घराणं मेंढरांचं. थोरला भाऊ गेनभाऊ अजून कळप राखतो, दिवाळी झाली की माळशेज उतरून कोकणात जातो. अण्णांनी मात्र विशीतच काठी टाकून स्क्रूड्रायव्हर धरला. लोक म्हणत, पोराला विजेच्या सामानाचं वेड होतं. अण्णाही तसंच म्हणत. मेंढपाळाचं काही अंगावर उरलंच असेल तर ते डोळ्यांत. गिऱ्हाईक दारात आलं की ते आधी त्याचे पाय बघत.

रोहिणीने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता आणि तिचा हात वडिलांपेक्षा हलका होता. फोनच्या बोर्डावरचं केसाएवढं काम अण्णा तिच्याकडे सरकवत आणि आपण चष्मा पुसत बसत. जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगत, “आता दुकान हिचंच हाय. मी आपला राखणीला.” हे सांगताना ते रोहिणीकडे बघत नसत.

त्या दुकानात एक हातात मावणारं खेळाचं यंत्र पडून होतं. कुणा विद्यार्थ्याने दुरुस्तीला दिलं, परीक्षा संपली, तो गेला तो गेलाच. अण्णांनी बरेच दिवस त्याची वाट पाहिली. शेवटी रोहिणीने ते उघडून चार्जिंगचा निखळलेला टाका जोडला. यंत्र नीट चालतंय का हे बघायला ते खेळावं लागतं. बापलेक खेळले, आणि मग यंत्र नीट चालत होतं तरी खेळत राहिले.

खेळ असा होता. रानात फिरायचं, चित्रविचित्र प्राणी पकडायचे, त्यांना वाढवायचं आणि गावोगावच्या बॉसशी झुंजवायचं. जवळ एका वेळी सहा प्राणी ठेवता येतात. प्रत्येकाचा एक प्रकार ठरलेला: कुणी दगडाचा, कुणी पाण्याचा, कुणी गवताचा, कुणी विजेचा. पाणी दगडाला हरवतं, वीज पाण्याला हरवते, असं ते चक्र. शहाणा माणूस सहा प्रकारचे सहा घेतो. मला हे सगळं रोहिणीने समजावलं. मी मान हलवली. माझ्या वर्गातली मुलं हलवतात तशीच.

“सगळ्या प्रकारचे घेऊन कुणीही जिंकतंय, आप्पा,” एका दुपारी ती अण्णांना म्हणाली. लाईट गेली होती आणि दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. “एकाच प्रकारचे सहा घ्यायचे. पहिल्यापासून शेवटपर्यंत. आणि तरी जिंकायचं. पोरं खेळतात तसं.”

अण्णांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, “दगूड घिऊ.”

“दगड? अहो, पाण्यापुढे एक टिकायचा नाही.”

“दगूड पळून तर जात न्हाई.”

मग आठवडाभर योजना चालली. काउंटरच्या काचेवर, खालच्या रंगीबेरंगी कव्हरांवरच, मार्करने सहा चौकोन काढलेले. कुठल्या चौकोनात कोण, कोण पुढे राहून मार खाणार, कोण मागून मारणार, कुणाला पाण्याविरुद्धचा एखादा डाव शिकवता येईल, अशी रोहिणीची बारीक अक्षरं. गिऱ्हाईक येऊन काचेवर कोपर टेकायचं आणि एखादा प्राणी शर्टाच्या बाहीवर घेऊन निघून जायचं. मंचरच्या बाजारातून आलेल्या एका आडत्याने असा अर्धा कळप बाहीवरून नेला. रोहिणी पुन्हा लिहायची. अण्णा तिला म्हणायचे, “न्हेऊ दे गं. पाठ हाय मला.”

वाद झाला तो अर्ध्या दगडांवरून. काही प्राणी दोन प्रकारांचे असतात, थोडा दगड, थोडं पाणी. एकाच प्रकारची टीम खेळणारे सगळेच असे प्राणी चालवून घेतात, असं रोहिणीचं म्हणणं.

“आर्धा दगूड म्हंजी काय?” अण्णा म्हणाले. “दगूड म्हणलं का दगूड.”

“नियमात बसतंय, आप्पा.”

“कुणाच्या नियमात? सर, तुमी सांगा.”

मी शिकलेला असल्यामुळे मला मत असणं भाग होतं. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्या राजवटींचं इतिहासात काय झालं यावर मी थोडं बोललो. बोलणं संपलं तेव्हा अण्णा एका चार्जरची पिन तपासत होते आणि रोहिणीने अर्धे दगड स्वतःच पुसून टाकले होते.

प्राणी निवडायची अण्णांची तऱ्हा न्यारी. आकड्यांकडे ते ढुंकून बघत नसत. ताकद एवढी, वेग एवढा असं रोहिणी वाचून दाखवायची तेव्हा ते पडद्यावर डुलणाऱ्या चित्राकडे टक लावून असत. “ह्यो नगं. मागला पाय आखडतोय.” चित्र काढणाऱ्यानेच ते तसं काढलेलं, सगळेच तसे पाय आखडणार, हे सांगून उपयोग नव्हता. एका मोठ्या जबरदस्त प्राण्याला त्यांनी सोडून दिलं. “डोळा बघा ह्याचा. ह्यो एक दिस कळप सोडणार.” निवडलेल्या सहांना नावं दिली ती मेंढरांची. खैरी, भुरी, मोरी, काळी, कान्ही आणि सगळ्यात धाकटी बांडी. जास्तीचे प्राणी पकडून साठवणीच्या पेटीत ठेवायची सोय खेळात होती. अण्णांनी ती कधी वापरली नाही. जितराब पेटीत ठेवत नाहीत, म्हणाले.

बांडीची गोष्ट मात्र निराळी होती. ती लहानपणी निव्वळ दगड, पण पुरेशी वाढली की तिचं रूप बदलून ती विजेची होते, हे योजना ठरवताना कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. एका दुपारी झुंज संपली आणि बांडी लकाकायला लागली. अंग थरथरलं, संगीत वाजलं. रोहिणी हसत म्हणाली, “बघा, मोठी व्हायला लागली.” पुढे काय होणार ते तिने सांगितलं, तसं अण्णांनी विचारलं, “थांबवता येतंय?”

“येतंय. ते लाल बटण. पण कशाला?”

अण्णांनी बटण दाबलं. लकाकी विझली. बांडी पुन्हा आपली ठेंगणी, गोल, दगडाची. त्यानंतर दर वेळी ती एक पायरी वर चढली की खेळ पुन्हा तेच करायचा, आणि अण्णा पुन्हा बटण दाबायचे. त्यांना ते इतकं अंगवळणी पडलं की संगीताचा पहिला सूर वाजला की गिऱ्हाइकाशी बोलता बोलता त्यांचा अंगठा बरोबर जाई.

त्याच दिवसांत रोहिणीला बंगळूरहून फोन यायला लागले. तिथे बोर्ड तयार करणाऱ्या एका कंपनीने ऑनलाइन परीक्षा घेतली होती आणि त्यांना ती हवी होती. तिला जायचं होतं. हे तिने दुकानातच, माझ्यासमोर, सरळ सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं. “चांगलं हाय की,” ते म्हणाले. “बटाटं निघू दे. मग बघू.”

बटाटे निघाले. मग गेनभाऊ कोकणातून वर येईपर्यंत थांबायचं ठरलं, कारण थोरल्याला विचारल्याशिवाय कसं. गेनभाऊ आला तो दुकानाच्या पायरीवर टेकला, घोंगडीची कुंची मांडीवर ठेवली आणि पुतणीला म्हणाला, “जा की. इचारायचं काय त्यात?” अण्णा म्हणाले, “बघू.”

त्याच बैठकीत गेनभाऊला टीम दाखवली गेली. रोहिणीने यंत्र त्याच्या पुढ्यात धरलं. त्याने डोळे बारीक करून सहाही बघितले.

“समदी एकाच वाणाची?”

“समदी दगडाची,” अण्णा म्हणाले. त्यात अभिमान होता.

“आन् म्होरं शेरडू न्हाई?”

सोल्डरिंगची सळई तापली होती. ती घेऊन अण्णा एका बोर्डावर वाकले. गेनभाऊ माझ्याकडे वळला. मी पाहुणा, तेव्हा मला सांगणं ओघानेच आलं.

“सर, मेंढरात एक-दोन शेरडं ठिवावी लागत्यात. मेंढरू लई गरीब. आपल्या डोक्यानं पाऊल टाकत न्हाई. पाणी आलं, पूल आला, का हुभं ऱ्हातंय. शेरडू इचार करतंय आन् म्होरं व्हतंय, त्येच्या मागनं समदी. ह्यो लव्ह्या साळा शिकून आला व्हता. म्हणला, दादा, आपला कळप कसा एकसारका काळाभोर दिसाया पायजे. मी गावाला गेल्तो, तवर ह्येनं दोन्ही शेरडं इकली. दिसाया लई देखणा दिसत व्हता कळप, खोटं कशाला बोलू.”

“दादा, चहा सांगू का?” अण्णा बोर्डावरून मान न काढता म्हणाले.

“सांग की. तर काय, कालव्यावर पायपूल व्हता, आरुंद. मेंढरं हुभी ऱ्हायली. ह्येनं मागनं हाकारली. एक कसंतरी म्होरं झालं आन् घसारलं. आता मेंढरू, सर. म्होरलं जातंय तिकडं मागलं. एकामागं एक पाण्यात. आर्धा कळप गेला बघा. ह्येनं तवापासनं काठी धरली न्हाई.”

चहा आला. गेनभाऊने बशीत ओतून प्यायला आणि समारोप केला, “शेरडू असतं तर वाचली असती.”

अण्णांनी मान वर केली. “पयलं म्होरं झालं नसतं,” ते म्हणाले, “तर येक बी गेलं नसतं.”

गेनभाऊ हसला. मला हसू आलं नाही. एकाच कालव्याच्या काठावर उभं राहून दोन भावांनी दोन धडे घेतले होते, आणि त्यातला चुकीचा धडा ज्याने घेतला त्याला एकुलती एक मुलगी होती.

मग मंचरची स्पर्धा झाली. कुणा तरुण मंडळाने हॉल घेऊन या खेळाचे सामने भरवले. बाहेर जो फ्लेक्स लागला त्यावर प्राणी एक आणि मार्गदर्शक बावीस. प्रमुख पाहुण्यांनी नारळ फोडला, यंत्राची पूजा केली आणि आपल्या भाषणात तरुणांनी मनातले राक्षस पकडावेत असं सुचवलं. मग त्यांना दुसरीकडे एक उद्घाटन होतं. ‘ज्येष्ठ खेळाडू’ म्हणून अण्णांना शाल देण्यात आली. ती खांद्यावर ठेवूनच ते पहिल्या सामन्याला बसले. समोर इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी, त्याच्याकडे पाण्याचे दोन प्राणी होते. त्याला दुसरा बाहेर काढावाच लागला नाही.

खैरी गेली. भुरी गेली. मोरी, काळी, कान्ही गेल्या. एकामागे एक. मी शेजारी उभा होतो आणि मला पायपूल दिसत होता. शेवटी ठेंगणी बांडी उतरली आणि एका फटक्यात आडवी झाली. विद्यार्थी सभ्य होता. म्हणाला, “अण्णा, हिला वाढू दिलं असतं ना, तर एकटीनं मला साफ केलं असतं. विजेपुढं पाणी टिकत नाही.”

“मग दगडाची टीम कुटं ऱ्हायली, भाऊ?”

“जिंकली असती की, पण.”

परतताना एसटीत रोहिणी खिडकीशी बसली होती. शाल तिच्या मांडीवर घडी करून ठेवलेली. शेवाळवाडीच्या पुढे ती म्हणाली, “आप्पा, कंपनीवाले परवापर्यंत सांगा म्हणालेत. शेवटचं.”

अण्णा पुढच्या बाकाच्या दांड्याकडे बघत होते. “तुज्या आईचं डोळ्याचं आपरेशन हाय. तेवढं हुंदे,” ते म्हणाले. “मग बघू.”

आईचं ऑपरेशन खरंच होतं आणि ते चांगलं झालं. डोळा स्वच्छ झाला. बंगळूरचा फोन मात्र पुन्हा आला नाही.

पुढच्या वर्षी रोहिणीचं लग्न ओतूरला झालं. माणसं चांगली, मुलगा चांगला, त्यांचंही मोबाईलचंच दुकान, एसटी स्टँडसमोर. अण्णांना हे लई जुळून आल्यासारखं वाटलं होतं: तिला जे येतं तेच तिथे करायला मिळेल. मी एकदा कामाने ओतूरला गेलो तेव्हा त्या दुकानात डोकावलो. रोहिणी काउंटरवर होती. काचेवर कव्हरं पसरून एका बाईला गुलाबी आणि फिकट गुलाबी यांतला फरक दाखवत होती. दुरुस्तीचं टेबल दुकानात नव्हतंच. दुरुस्तीचे फोन ते गोळा करून नारायणगावला पाठवतात.

चहा पिताना मी नको तो विषय काढला नाही. तिनेच काढला.

“सर, आप्पा मला कधी नाही म्हणालेच नाहीत,” ती म्हणाली. “नाही म्हणाले असते तर मी भांडले असते. रात्रीच्या गाडीत बसून गेलेसुद्धा असते. पण ‘बघू’शी कसं भांडायचं?”

तिच्या आवाजात राग असता तर ऐकायला बरं वाटलं असतं. निघताना तिने विचारलं, “टीम कुठवर आली?”

टीम शेवटच्या बॉसपर्यंत आली होती. रोहिणी गेल्यावर अण्णा एकटे खेळत राहिले. काचेवरचे सहा चौकोन कुणी पुसले नव्हते, पण बाह्यांनी अक्षरं नेली ती नेलीच. ती भरून काढायला आता कुणी नव्हतं आणि त्यांना पाठही होती. अशक्य वाटणारे सामने ते निव्वळ चिकाटीने काढत. एकेका बॉसशी किती वेळा हरले असतील कुणास ठाऊक. आणि शेवटी, त्या सहा दगडांनिशी, बांडीला तसंच ठेंगणं ठेवून, ते खेळ जिंकले. पडद्यावर फटाके उडाले. दुकानात मी एकटाच होतो. मी अभिनंदन केलं तर म्हणाले, “हां. झालं म्हणायचं.” मग तिला फोन लावला. तिकडे गिऱ्हाईक होतं. ती नंतर करते म्हणाली.

त्या फोनची वाट बघत असताना ते माझ्याशी एकदाच या विषयावर बोलले. माझ्याकडे न बघता. हातातलं यंत्र फिरवत.

“सर, ह्या खेळात येक बरं हाय. बांडीला थांबवली का फुडच्या पायरीला परत इचारतंय. परत थांबवली, परत इचारतंय. दमतच न्हाई.” मग म्हणाले, “मला वाटलं, समदीकडं तसंच असतंय.”

मी संवादकौशल्याचा शिक्षक. मी चहा सांगितला.

अवसरी सोडली त्या दिवशी निरोप घ्यायला मी खाली उतरलो. माझी बदली झाली होती आणि सामान टेम्पोत चढलं होतं. दुपारची वेळ. अण्णा काउंटरमागे बसून रानात उगीच फिरत होते. खेळ जिंकून कितीतरी दिवस झाले होते. हरवायला कुणी उरलं नव्हतं. तरी ते रोज कळप चारायला काढल्यासारखे यंत्र काढत.

“निगाले काय सर?”

“निघालो. येत जाईन.”

“बघू,” ते म्हणाले आणि आम्ही दोघंही हसलो.

तेवढ्यात तो ओळखीचा सूर वाजला. बांडी लकाकायला लागली होती. अण्णांचा अंगठा सवयीने लाल बटणावर गेला. मग त्यांनी तो उचलला. यंत्र दोन्ही हातांनी काचेवर ठेवलं, त्या पुसट चौकोनांच्या मधोमध, आणि हात मांडीवर घेतले, तापलेलं भांडं नुकतंच खाली ठेवल्यासारखे.

आम्ही बघत राहिलो. संगीत पुढे चालू राहिलं. इतक्या महिन्यांत ते पहिल्या सुरापलीकडे मी कधी ऐकलं नव्हतं. चांगलं होतं. शेवटी उजेड निवला आणि पडद्यावर एक उंच, पिवळं, सडसडीत जनावर उभं होतं. अंगभर ठिणग्या. ते मान इकडेतिकडे करून जागा न्याहाळत होतं.

“देखणी हाय,” अण्णा म्हणाले. “पायबी कसं सरळ हायत.”

“आता?” मी विचारलं.

“आता काय? दगडात ठिवता न्हाई येत. आपला नियम हाय.”

त्यांनी बांडीला कळपातून काढलं आणि आजवर कधी न उघडलेल्या त्या पेटीत ठेवलं. पडद्यावर पाच दगड उरले आणि एक रिकामा चौकोन.

“त्या जागी कुणाला घेणार?”

“ऱ्हाऊ द्या मोकळी.”

टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. मी पायरी उतरून वळून पाहिलं तेव्हा एक मुलगी आपला बंद पडलेला फोन काउंटरवर ठेवत होती. अण्णांनी तो हातात घेतला, कानाशी नेऊन हलवला. ‘बघू’ची मला इतकी सवय झाली होती की तो शब्द मी त्यांच्याआधीच ऐकला.

अण्णांनी फोन काचेवरून तिच्याकडे परत सरकवला.

“न्हाई व्हायचा हा माझ्यानं,” ते म्हणाले. “वेळ नको घालवू, बाळ. दुसरीकडं जा.”